एवढीशी गाडी, एवढं मोठ्ठं इंजिन!

पाचवा गिअर

घरच्या गॅरेजमध्ये बनवलेल्या पाचशे किलोच्या स्पोर्ट्‌स कारमध्ये दणदणीत व्ही-८ बसवायचं, हे जगभरच्या गाडीवेड्यांचं लाडकं स्वप्न. गंमत म्हणजे इंजिन बसतंही! खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

गाडीवेड्या माणसाला पॉवरचा कुठलाही आकडा सांगा, त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. 'अजून किती काढता येईल?' शंभर बीएचपी असेल तर दीडशे हवे असतात आणि दीडशे मिळाले की दोनशेची स्वप्नं पडतात. पगारवाढीसारखंच आहे हे. पत्र हातात पडतं त्याच दिवशी आकडा छोटा वाटायला लागतो.

या हावरटपणाचं सगळ्यात भन्नाट रूप बघायचं असेल, तर ब्रिटन-अमेरिकेतल्या होम मेड स्पोर्ट्‌स कारवाल्यांकडे बघा. ही मंडळी वीकएंडला स्वतःच्या हाताने गाडी बनवतात. गाडी हलकी, उघडी, जेमतेम दोन माणसांची. आणि ती धावायला लागली रे लागली, की यांच्या डोक्यात किडा वळवळतो, 'यात व्ही-८ बसवलं तर?'

सायकलला रॉकेट बांधण्याचा प्रकार वाटतो ना? पण बॉस, याच कल्पनेतून जगातल्या काही अजरामर गाड्या जन्माला आल्या. आणि याच कल्पनेपायी कितीतरी गाड्या ताडपत्रीखाली अर्धवट पडून राहतात. दोन्हींत फरक कशाने पडतो, ते आज बघू.

करचुकवेगिरीतून आलेली गंमत

सुरुवात १९५७ सालची. कॉलिन चॅपमन या इंजिनिअरने 'लोटस सेव्हन' नावाची गाडी काढली. दारं नाहीत, छत नावापुरतं, वजन पाचशे किलोच्या आतबाहेर. पहिल्या सेव्हनमध्ये फोर्डचं साधं ११७२ सीसी इंजिन असायचं, पॉवर जेमतेम चाळीस बीएचपी. आपल्याकडच्या साध्या फॅमिली हॅचबॅकला आज याच्या दुप्पट पॉवर असते. तरीही सेव्हन चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू काही हटायचं नाही.

ही गाडी सुट्या भागांच्या 'किट'मध्ये मिळायची. कारण? टॅक्स! तयार गाडीवर ब्रिटनमध्ये परचेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांवर नाही. असं सांगतात की, जोडणीची माहितीपत्रिका सोबत दिली तर टॅक्सवाले हरकत घेतील म्हणून कंपनीने गाडी खोलायची माहिती दिली आणि ती उलट्या क्रमाने वाचायचं काम गिऱ्हाइकावर सोडलं. डोकं बघा!

१९७३ मध्ये ब्रिटनमध्ये व्हॅट आला आणि किटची ही सवलत संपली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीला दिले. ती कंपनी आजही तशीच दिसणारी गाडी बनवते आणि हवी तर किटमध्येही देते.

पुढचा धमाका १९९६ चा. रॉन चॅम्पियन या शिक्षकाने २५० पौंडांत स्पोर्ट्‌स कार कशी बनवायची, यावर पुस्तकच लिहिलं. एक इंची चौकोनी पोलादी पाइप आणायचे, कापायचे, वेल्डिंग करून सांगाडा उभारायचा आणि इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल वगैरे मंडळी एखाद्या म्हाताऱ्या फोर्ड एस्कॉर्टमधून उचलायची. या प्रकारच्या गाड्यांना नाव पडलं 'लोकॉस्ट'. लो कॉस्ट आणि लोटस, एका शब्दात दोन्ही! २५० पौंडांत प्रत्यक्षात किती जणांचं भागलं असेल, हा भाग वेगळा. घराचं इंटिरिअर कधी कोटेशनमध्ये बसलंय का? पण गाडी फक्त कारखान्यातच बनते, हा समज या पुस्तकाने मोडीत काढला.

फंडा वजनाचा

आता थोडं गणित. घाबरू नका, भागाकारापुरतंच आहे.

गाडी किती सुसाट पळेल, हे नुसत्या बीएचपीवर ठरत नाही. बीएचपी भागिले वजन, हा खरा आकडा. आपली नेहमीची हॅचबॅक घ्या. वजन साधारण ९०० किलो, पॉवर नव्वदच्या आत. म्हणजे टनामागे शंभरही बीएचपी नाहीत. आता पाचशे किलोच्या होम मेड गाडीत १२० बीएचपीचं चार सिलिंडरचं साधं इंजिन ठेवा. टनामागे २४०! कुठलीही महागडी जादू न करता गाडी थेट स्पोर्ट्‌स कारच्या पंगतीत जाऊन बसते.

इथे हावरट मन म्हणतं, १९० बीएचपीचं व्ही-८ बसवू. बसवा. पण इंजिन कधी एकटं येत नाही. लग्नात नवरदेवाबरोबर अख्खं वऱ्हाड येतं, तसं त्याच्यामागून दणकट गिअरबॉक्स येतो, मोठा रेडिएटर येतो, जाड ॲक्सल, रुंद टायर, मोठे ब्रेक आणि हे सगळं पेलायला चॅसीत जास्तीचे पाइप. समजा, या वऱ्हाडाने वजन ६२० किलोंवर नेलं. आता भागाकार करा. टनामागे साधारण ३०६. म्हणजे पॉवर वाढली जवळपास साठ टक्के आणि हातात पडली तीस टक्क्यांहूनही कमी. उरलेली वऱ्हाडाने खाल्ली.

बरं, टॉप स्पीडचं काय? तिथे तर हवाच आडवी येते. वेग वाढवायचा तर हवा कापायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. सोप्या भाषेत, पॉवर दुप्पट केली तर टॉप स्पीड वाढतो जेमतेम पाव पट. आणि सेव्हनसारखी उघडी गाडी, बाहेर आलेली चाकं, उभी काच... हवेच्या दृष्टीने ती विटेपेक्षा फारशी वेगळी नसते.

उलट, वजन कमी केलं तर प्रत्येक ठिकाणी फायदा. पिकअप वाढतो, ब्रेक लवकर लागतो, वळणावर गाडी चिकटून राहते, टायर कमी झिजतात, पेट्रोल वाचतं. पॉवरची मजा सरळ रस्त्यावर, वजनाची मजा सगळीकडे. पाचशे किलोच्या गाडीत दोन माणसं बसली की वजन थेट तीस टक्क्यांनी वाढतं! त्यामुळे सगळ्यात स्वस्त ट्युनिंग गॅरेजमध्ये होतच नाही, ते कँटीनमधल्या वडापावच्या काउंटरवर होतं.

शेल्बीचा डाव

मग मोठ्या इंजिनाचा नाद सोडायचा का? थांबा. इथे कॅरोल शेल्बी या अमेरिकन माणसाची एंट्री घ्यावीच लागेल.

शेल्बी रेसिंग ड्रायव्हर. १९५९ ची ल मां शर्यत जिंकलेला. पण हृदयाच्या दुखण्यामुळे पुढच्याच वर्षी रेसिंग सोडावं लागलं. १९६१ मध्ये त्याला कळलं की, इंग्लंडमधल्या एसी कंपनीच्या 'एस' या देखण्या, हलक्या गाडीला मिळणारं ब्रिस्टल इंजिन बंद होणार आहे. त्याने कंपनीला पत्र धाडलं, तुमच्या गाडीत अमेरिकन व्ही-८ बसवू या. दुसरीकडे फोर्डला गाठून इंजिनं मिळवली. स्वतःचा कारखाना नाही, हाताशी बक्कळ पैसा नाही, तरी माणसाने दोन कंपन्यांना एका टेबलावर आणलं!

फेब्रुवारी १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजमध्ये काही तासांत २६० घन इंचांचं, म्हणजे सव्वाचार लिटरचं इंजिन त्या गाडीत बसलं. 'कोब्रा' जन्माला आली. गाडी एकच आणि मासिकवाले रांगेत उभे! म्हणून म्हणे दर वेळी तिला नवा रंग मारून धाडायचे, वाचकांना वाटावं की धडाधड गाड्या तयार होताहेत. आपल्याकडच्या मार्केटिंगवाल्यांनी नोंद घ्यावी. तीच पहिली कोब्रा २०१६ मध्ये लिलावात एक कोटी साडेसदतीस लाख डॉलर्सना गेली.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना आवडते. पण आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे.

काही तासांत इंजिन बसलं खरं, पण मूळच्या दोन लिटरवाल्या गाडीतला मागचा ॲक्सल आधीच बदलून दणकट करावा लागला होता. पुढे स्टिअरिंगची यंत्रणा बदलली. इंजिन ४.७ लिटरचं झालं. मग शर्यतीत अजून पॉवर हवी म्हणून नजर गेली फोर्डच्या ४२७ वर, सात लिटरचा राक्षस! एकट्या इंजिनाचं वजन जवळपास ३०० किलो.

१९६४ मध्ये सेब्रिंगच्या शर्यतीसाठी हे इंजिन जुन्याच, पाट्यांच्या स्प्रिंगवाल्या कोब्रात बसवलं. स्टिअरिंगवर होता केन माइल्स. 'फोर्ड व्हर्सेस फेरारी' बघितला असेल तर हा माणूस तुम्हाला माहीत आहे. शेल्बीच्या टीममधला तयारीचा गडी. तरी सरावातच गाडी झाडावर आदळली. रात्रभर खपून मेकॅनिक मंडळींनी ती उभी केली, पण शर्यत काही तिने पूर्ण केली नाही.

मग शहाणपण आलं. १९६५ च्या कोब्रा ४२७ ला चॅसीच नवी मिळाली. तीन इंची मुख्य नळ्यांच्या जागी चार इंची आल्या. पाटे गेले, कॉइल स्प्रिंग आले. रुंद टायरसाठी मडगार्ड फुगले. ते फुगलेले मडगार्ड बघून आज लोक 'वा, काय मस्क्युलर लुक!' म्हणतात. पण ती स्टाइल नंतरची, आधी ती गरज होती. लक्षात घ्या, केन माइल्ससारखा ड्रायव्हर आणि पाठीशी फोर्ड, एवढं असूनही इंजिनाला साजेशी गाडी नव्याने बनवावी लागली. मग शनिवार-रविवारच्या गॅरेजवाल्याची काय कथा?

इंजिन बसलं. पुढे?

व्ही-८ बसवणं म्हणजे गाडीच्या प्रत्येक पार्टला जाऊन विचारणं, 'बाबा रे, तुला झेपेल का?' आणि उत्तर 'नाही' आलं की खिशात हात घालणं.

सुरुवात जागेपासून. व्ही आकारामुळे इंजिन आडवं पसरतं आणि सायलेन्सरचे पाइप दोन्ही बाजूंनी निघतात. त्यातल्या एका बाजूच्या पाइपांना नेमकं तिथूनच जायचं असतं जिथून स्टिअरिंगचा रॉड जातो. इंजिन मागे सरकवावं, म्हणजे पुढच्या चाकांवर कमी भार येईल, तर गिअरबॉक्स तुमच्या पायांत येतो. पेडलची जागा इतकी चिंचोळी होते की, ब्रेक दाबताना बुटाची कड ॲक्सिलरेटरलाही लागावी. ही गंमत नव्हे, हा अपघाताला आवतण देणारा प्रकार. खाली बघावं तर इंजिनाचं ऑइल चेंबर रस्त्यापासून चार बोटांवर. एका स्पीडब्रेकरवर खेळ खल्लास!

मग उष्णता. छोट्या नाकात छोटा रेडिएटर. पळत्या गाडीला वारा मिळतो, पण सिग्नलला उभं राहिलं की काटा लाल रंगाकडे चढायला लागतो आणि पाय शेकून निघतात.

मग टॉर्क. व्ही-८ चा टॉर्क हलक्या चॅसीला पिळतो, धुणं पिळावं तसा. चॅसी पिळली की चाकं आपले कोन सोडतात आणि गाडी वळणावर मनाला येईल तिकडे बघते. गिअरबॉक्स आणि ॲक्सलचा मामला तर आणखी मजेशीर. हलक्या गाडीचे साधे टायर जमिनीवर फार पकड घेत नाहीत. जोरात ॲक्सिलरेटर दिला की चाक जागच्या जागी फिरतं आणि पुष्कळसा जोर धुरात जातो. त्यामुळे ॲक्सल वाचतो! मालक खुश होतो आणि चांगले, चिकट टायर घालतो. आता चाक घसरत नाही, सगळा जोर थेट ॲक्सलवर येतो आणि कधीतरी 'कट्ट' असा आवाज येतो. एक दुखणं बरं केलं की दुसरं वर येतं, ते असं.

सगळ्यात शेवटी ब्रेक. शेवटी म्हणजे लोक शेवटी विचार करतात म्हणून. खरं तर तो पहिला हवा. वेग दीडपट झाला की ब्रेकला जिरवायची ऊर्जा सव्वादोन पट होते. ताशी १०० वर निर्धास्त थांबणारी गाडी १५० वर तशीच थांबेल, असं कुणी धरून चालू नये. आणि या गाड्यांत एअरबॅग नसते, बाजूला दार नसतं. चुकीला माफी नसलेलं खातं आहे हे.

हलका पैलवान

मग जमवणाऱ्यांनी जमवलं कसं? मोठं म्हणजे जड असायलाच हवं, हा हट्ट त्यांनी सोडला.

अमेरिकेत ब्यूकने १९६१ च्या मॉडेलसाठी साडेतीन लिटरचं, पूर्ण ॲल्युमिनियमचं व्ही-८ आणलं. जनरल मोटर्सने ते लवकरच बंद केलं. ब्रिटनच्या रोव्हरच्या माणसाला ते एका बोट-इंजिनांच्या वर्कशॉपमध्ये दिसलं, असं सांगतात. १९६५ मध्ये रोव्हरने हक्क घेतले आणि अमेरिकेने टाकून दिलेलं इंजिन इंग्लंडमध्ये राजा झालं. वजन साधारण १४५ किलो, म्हणजे कोब्राच्या त्या राक्षसाच्या निम्मं. १९७३ च्या एमजीबी जीटी व्ही-८ मध्ये तर चार सिलिंडरचं लोखंडी इंजिन काढून हे बसवल्यावर पुढचा भार फारसा वाढलाच नाही. याच घराण्यातल्या ओल्ड्‌समोबिलच्या ब्लॉकवर बेतलेलं रेप्को इंजिन घालून जॅक ब्रॅबमने १९६६ ची फॉर्म्युला वन चॅम्पियनशिप जिंकली. तीही स्वतःच्याच नावाच्या गाडीत! त्यामुळे होम मेडवाल्यांचं हे लाडकं व्ही-८ झालं, यात नवल नाही.

दुसरी शाळा आणखी धाडसी. हे लोक मोटरसायकलचं इंजिन बसवतात. 'धूम'मुळे आपल्याकडे घराघरांत पोचलेली सुझुकी हायाबुसा आठवते? तिचं १२९९ सीसीचं इंजिन १७५ बीएचपीच्या आसपास पॉवर देतं आणि गिअरबॉक्ससकट येतं. व्ही-८ च्या जवळपास पॉवर, वजनाचा पत्ता नाही. तोटा? बाइकला रिव्हर्स गिअर नसतो. पार्किंगमधून गाडी मागे घ्यायची तर वेगळी सोय करा, नाहीतर उतरा आणि ढकला!

आणि आपल्याकडे?

ब्रिटनमध्ये घरी बनवलेली गाडी सरकारी तपासणीला न्यायची सोय आहे. १९९८ पासून एसव्हीए आणि २००९ पासून आयव्हीए नावाची ही परीक्षा असते. ब्रेक, लाइट, आवाज, अगदी बाहेर आलेल्या धारदार कडासुद्धा तपासतात. पास झालात तर नंबर प्लेट आणि रस्ता तुमचा. म्हणजे तिथे गॅरेजमधल्या हौसेवर कुणीतरी परक्या नजरेने बोट फिरवतं, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे हा रस्ता बंद आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवर नोंदलेल्या मूळ कंपनीच्या तपशिलांशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्यामुळे एखाद्या जुन्या छोट्या गाडीत भलतंच इंजिन टाकून मरीन ड्राइव्हला चक्कर मारायचं स्वप्न बघत असाल, तर आत्ताच जागे व्हा.

पण किडा असेल तर वाट आहे. सुप्रा एसएईइंडिया किंवा फॉर्म्युला भारत या स्पर्धांत कॉलेजची पोरं स्वतः चॅसी वेल्ड करून रेसिंग कार बनवतात. नियम काय? इंजिन ७१० सीसीच्या आत आणि पेट्रोल इंजिनाची सगळी हवा फक्त २० मिलिमीटरच्या भोकातून. म्हणजे पॉवरचा हावरटपणा दारातच अडवला. मग पोरं काय करतात? ग्राम-ग्राम वजन काढतात. अनेक टीमची पसंती केटीएम ३९० च्या ३७३ सीसी, एका सिलिंडरच्या इंजिनाला. कुठे बनलं ते? आपल्या चाकणला!

चॅपमनने सत्तर वर्षांपूर्वी जे ओळखलं, ते ही विशीतली पोरं रात्री जागून शिकताहेत. मोठं इंजिन विकत मिळतं. त्याला पेलणारी गाडी मात्र बनवावी लागते. आणि ती बनवता बनवता बहुतेकांच्या लक्षात येतं की, हवी होती ती मजा आधीच्या, हलक्या गाडीत होतीच की!

किडा वळवळतोच आहे? मग हे वाचा

• आधी ब्रेक, मग चॅसी, मग ॲक्सल, शेवटी इंजिन. बजेटही याच क्रमाने लावा.

• इंजिन घेण्याआधी वजनकाट्यावर त्याचा खरा आकडा बघा. बीएचपी नंतर विचारा.

• फिटिंग ठरवताना फोमचा डमी ब्लॉक वापरतात. दीडशे किलोचं धूड दहा वेळा उचलण्यापेक्षा कंबर वाचते.

• चारही चाकांवरचं वजन आधी आणि नंतर मोजा. पुढे भार वाढला असेल तर गाडी वळणावर तुमचं ऐकणार नाही.

• वेल्डिंग आणि ब्रेकचं काम जाणकाराकडून तपासून घ्या. मित्राने 'चालतंय रे' म्हणणं म्हणजे तपासणी नव्हे.

• आणि हो, सुरुवात स्वतःचं पाच किलो वजन उतरवण्यापासून करा. यासाठी आरटीओची परवानगी लागत नाही!